सांताक्रूझ, पण अंधेरीत

सीप्झमध्ये नोकरी लागली म्हटल्यावर सांताक्रूझ पूर्वेच्या आमच्या सोसायटीतले काका खूश झाले. "बरं झालं रे, घराजवळच मिळाली!" सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, स्थापना १९७३ ची, मुक्काम अंधेरी पूर्व. आता मेट्रो ३ झाली, तरी मधे पाच स्टेशनं आहेतच. काकांनी नावावर विश्वास टाकला. कंपायलरही तेच करतो.

तो एका वेळी एकच फाइल बघतो. "हे फंक्शन दुसरीकडे कुठेतरी आहे" असं डिक्लेरेशनने सांगितलं की मान डोलावून पुढे. पत्ता शोधत वणवण फिरतो तो बिचारा लिंकर. नाही सापडलं तर ओरडतो, अनडिफाइन्ड रेफरन्स. दोनदा सापडलं तर मल्टिपल डेफिनिशन. ओरडणारा लिंकर मला आवडतो. भीती वाटते ती त्याच्या गप्प बसण्याची.

सी प्लस प्लसमध्ये क्लासच्या आत लिहिलेली फंक्शनं इनलाइन धरतात. त्यांच्या दोन प्रती आल्या, तर सारख्याच असणार असं समजून लिंकर एक ठेवतो, दुसरी टाकून देतो. चकार शब्द काढत नाही. आमच्या दोन टीमनी एकमेकींना न विचारता 'रेकॉर्ड' नावाचा क्लास लिहिला होता. एकात ग्राहकाच्या नावाला १६ बाइट, दुसऱ्यात ४०. लिंकरने राखला ४० वाल्यांचा कन्स्ट्रक्टर. त्याने १६ च्या जागेत ४० शून्यं ओतली आणि शेजारचं व्हेरिएबल धुऊन निघालं. मेकफाइलमधला फाइलींचा क्रम बदलला की दुखणं गायब. ऑप्टिमायझेशन लावलं तरी गायब. साहेबांना दाखवायला गेलं की तर हमखास गायब.

लिंकरला तरी काय बोलणार? २६ जुलै २००५ ला 'मुंबईत पाऊस किती?' याचीही दोन उत्तरं होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. त्या रात्री पाण्यातून वाट काढत घरी निघालेल्या वाकोल्याच्या माणसाला 'मुंबई, ७३' असं सांगून बघायला हवं होतं! हवामान खातं आकड्याला वेधशाळेचं नाव जोडतं. नेमस्पेसचं कामही तेवढंच.

मग आम्हीही टीमवार नेमस्पेस केले. मीटिंग झाली, समोसे झाले. आठवड्याभरात कुणीतरी टायपिंगचा कंटाळा करून, सगळ्यांना लागणाऱ्या हेडरमध्येच दोन्हींसाठी 'यूजिंग नेमस्पेस' लिहून मोकळा झाला. आता रेकॉर्ड दिसला की कंपायलर 'अँबिग्युअस' म्हणून बोंबलतो, आणि लिहिणारा शिमग्याला गावी गेलाय.