चिकू दाबून, हवा मोजून

मुंबईहून कोसबाडला जाणाऱ्या मोटारीची तयारी आदल्या रात्री सुरू होते. थर्मासचे झाकण घट्ट बसते का, चकल्यांचा डबा वर आहे की खाली, उलटीच्या गोळ्या कोणाच्या पर्समध्ये, काकांची कानटोपी घेतली का, हे सारे दोनदा तपासले जाते. तपासायची राहते ती मोटार. दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडलेला असतो, चाकाखाली लिंबूही चिरडलेले असते; एवढ्या भांडवलावर ती पुढच्या दसऱ्यापर्यंत धावेल, अशी घरातल्या मंडळींची श्रद्धा असते.

श्रद्धेच्या जोडीला दहा मिनिटे लागतात. पहिला मान टायरच्या हवेचा. ती पाहण्याची रूढ पद्धत म्हणजे बुटाने लाथ मारून समाधानाने मान डोलावणे. या पद्धतीने फक्त बूट मजबूत आहे एवढे कळते. रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली किंचित फुगलेला दिसतो, त्यामुळे डोळ्यांचाही उपयोग नाही. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेला असतो; लहान मोटारींत तो साधारण ३० ते ३५ पीएसआय असतो आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्त दिलेला असतो. हवा टायर थंड असतानाच मोजायची. महामार्गावर तासभर पळून तापलेला टायर, स्थळ आलेल्या मुलाच्या पगारासारखा, आकडा वाढवून सांगतो. टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर निवृत्त झाला.

दुसरे काम ऑइलचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले की झाले. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. पंक्तीतल्या जिलेबीसारखा इथे आग्रह चालत नाही. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. बदलायचे ते रंग पाहून नव्हे, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरांवर किंवा महिन्यांवर, जे आधी येईल त्यावर. ही पुस्तिका सहसा कोऱ्या अवस्थेत, पेट्रोलच्या पावत्यांखाली सापडते.

प्रत्यक्ष प्रवास मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून होतो. वर्सोव्याच्या पुलाजवळ कोंडी लागली की गाडी आणि काका एकाच वेळी तापू लागतात. तापमानाचा काटा लाल भागाकडे सरकला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. इंजिनाची उष्णता त्या वाटेने आत येते आणि इंजिनाला थोडी उसंत मिळते. मागच्या सीटवरून जे शब्द येतात ते ऐकून घ्यावेत. त्यानेही काटा उतरला नाही, तर कडेला थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही; झाकण सैल होताच दाब जातो आणि ते उकळून उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

डॅशबोर्डवर दिवा लागला तर काय करायचे, हा वाटेत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. नियम सिग्नलचाच आहे. पिवळा दिवा म्हणजे सांभाळून जा आणि लवकर गॅरेज गाठा. लाल दिवा म्हणजे थांबा. त्यातही ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर पुढच्या ढाब्यापर्यंतही जाऊ नये. “सेन्सर खराब असेल,” हे निदान गाडीत नेहमी तोच करतो, ज्याच्या नावावर गाडी नसते.

चारोटीला महालक्ष्मीचे दर्शन घेऊन गाडी डहाणूकडे वळते. कोसबाडच्या आधी बोर्डीचा समुद्र पाहायचाच, असा ठराव इथे बहुमताने मंजूर होतो. ओहोटीला तिथले पाणी खूप आत जाते, वाळू टणक दिसते आणि गाडी सुरूच्या झाडांखाली ठेवण्याऐवजी थेट किनाऱ्यावर नेण्याची बुद्धी होते. चाक रुतल्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ते आणखी खोल जाते. टायरची हवा कमी करणे, चाकापुढची वाळू उकरणे आणि हळूहळू गाडी काढणे, हा उपाय भरतीच्या आधी करायचा असतो. शिवाय खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो, म्हणून घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी लागते. सुरूची सावली फुकट होती, हे तेव्हा आठवते.

कोसबाडची टेकडी काही कसारा घाट नव्हे. पण हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्याला चढ केवढाही पुरतो. क्लच प्लेट अशाने घासून जळते. चढावर थांबावे लागले तर हँडब्रेक ओढावा आणि निघताना क्लच पकडू लागल्यावर तो सोडावा. जळका वास आलाच, तर तो वाटेतल्या कोणाच्या शेकोटीचा नसतो.

टेकडीवर ग्राम बाल शिक्षा केंद्र आहे. ताराबाई मोडकांनी ते १९४५ साली बोर्डीत सुरू केले आणि पुढे कोसबाडला आणले. अनुताई वाघांनी आयुष्य तिथेच घालवले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, हा त्यांचा मार्ग. मोटारमालकाने यातून एवढेच घ्यावे की बॉनेट आपण होऊन दिवाणखान्यात येत नाही; पंधरवड्यातून एकदा त्याच्याकडे जावे लागते.

मंडळी केंद्र पाहून गाडीकडे परत येतात तोवर, इंजिन बंद ठेवून लावलेल्या गाण्यांनी बॅटरी उतरवलेली असते. सेल्फ नुसता टकटक करतो. दुसऱ्या गाडीच्या मदतीने सुरू करताना लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरी तीन ते पाच वर्षे जगते. चौथ्या वर्षी तिने टकटक केली, तर ती सूचना समजावी.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी ते पीतच राहते. म्हणजे बचत होत नाहीच, वर सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि पकड सोडू लागतात. खालचा गिअर टाकून उतरणे स्वस्तही पडते आणि सुखरूपही.

परतीच्या वाटेवर घोलवडच्या चिकूंच्या पेट्या डिकीत चढतात. डहाणू-घोलवडच्या या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रत्येक चिकू बोटाने दाबून, देठ पाहून, पारखून घेतला जातो. पेट्यांनी गाडीची मागची बाजू खाली बसते. इथे स्टिकरवरचा तो दुसरा, भरलेल्या गाडीचा आकडा लागू होतो. तो कोणालाच आठवत नाही आणि चारोटीच्या अलीकडे एक टायर बसतो.

पंक्चर झाल्यावर गाडी सपाट, कडेच्या जागी घ्यावी, हँडब्रेक ओढावा, पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावावा. नट जॅक लावण्याआधी थोडे सैल करावेत. चाक उचलल्यावर ते नटाबरोबर फिरत बसते. चढवताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, म्हणजे चिकूंच्या खाली. पेट्या उतरवून रस्त्याकडेला मांडल्या की दोन गाड्या भाव विचारायला थांबतात. स्टेपनी शेवटी हाती लागते, आणि काका तिला बुटाने लाथ मारून मान डोलावतात. तिच्यात हवा नसते.