पेजमेकर अमर आहे

सोसायटीचं वार्तापत्र काढायचं ठरलं की भांडण मजकुरावरून होईल, असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे मजकुराचं नावही कुणी काढलं नाही. त्रैमासिक, मधे पिन मारलेलं, एवढं ठरलं आणि अख्खी कमिटी ‘सॉफ्टवेअर कुठलं?’ या प्रश्नावर तुटून पडली. पार्किंगच्या नोटिशीपलीकडे ज्यांनी कधी काही टाईप केलं नाही, त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती.

सचिवांचा कौल वर्डला. ‘वर्डमध्ये काय होत नाही?’ होतं ना, सगळं होतं. फक्त तिसऱ्या पानावरचा कोजागरीचा फोटो जरा खाली ओढला की पाण्याच्या टाकीची सूचना पुढच्या पानावर पळते आणि श्रद्धांजलीच्या चौकटीत ओल्या नारळाच्या करंज्या येऊन बसतात.

चौथ्या मजल्यावरच्या सूनबाई कॅन्व्हावाल्या. त्यांनी बैठकीत बसल्या बसल्या मुखपृष्ठ करून दाखवलं, आणि खरं सांगते, झकास होतं. पण पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे. छपाईचे सायन, मजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाईचे. पडद्यावर झळाळणारी मोरपंखी पैठणी कागदावर उतरते ती चार धुण्यांनंतरची.

एका निवृत्त इंजिनिअरकाकांनी पब्लिशर सुचवलं. ऑक्टोबर २०२६ नंतर त्याला वाऱ्यावर सोडणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनं कधीच जाहीर करून टाकलंय. आमच्या कमिटीत कुणाच्याही निवृत्तीची तारीख इतकी पक्की नाही. इनडिझाईनचं नाव निघालं तेव्हा खजिनदारांनी किंमत विचारली. ते विकत मिळत नाही, वर्गणी भरत राहावी लागते, हे कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे मेंटेनन्स आपणच भरायचा?” मग फुकटातलं स्क्रायबस पुढे आलं. ते खरोखर चांगलं आहे. चार रंगांचं गणित त्याला कळतं, छपाईजोगी पीडीएफ देतं, आणि १.५ मालिकेपासून जोडाक्षरांशीही त्याचं जमायला लागलंय. पण फुकट म्हटल्यावर खजिनदारांनाच संशय आला.

एवढी घुसळण झाल्यावर मी नारायण पेठेतल्या छापखान्यात गेले. ऑपरेटरनं मान वर न करता निकाल दिला. “मॅडम, पेजमेकरमध्ये द्या.”

पेजमेकर! १९८५ साली मॅकवर अवतरलेलं हे सॉफ्टवेअर. ते काढणाऱ्या आल्डस कंपनीनं आपलं नाव घेतलं होतं व्हेनिसच्या आल्डस मानुशियस या जुन्या मुद्रकावरून. १९९४ मध्ये कंपनी अडोबीकडे गेली, १९९९ मध्ये इनडिझाईन आलं, पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ ची. पुढे अडोबीनं त्याचं काम थांबवलं. अडोबीनं थांबवलं, पेठेत ही बातमी पोचलेली नाही. तिथल्या जुन्या संगणकात वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दशक्रियेची कार्डं पेजमेकरमध्ये पडून आहेत. नावं आणि तारखा बदलल्या की काम तयार. असं घर सोडून कोण जाईल?

गोची मराठीची आहे. आपण मोबाईलवर लिहितो ते युनिकोड. छापखान्यातले जुने फॉन्ट त्याच्या आधीचे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा ‘क’ असे आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. पेजमेकरला युनिकोड ठाऊकच नाही. मी संपादकीय चिकटवलं तर पानभर प्रश्नचिन्हं उमटली. (काही वाचकांच्या मते छापील संपादकीयातही तेवढीच होती.) मग मजकूर कन्व्हर्टरमधून काढायचा. त्यातून ‘दुसऱ्या मजल्यावरच्या’ मंडळींचा अर्धा ‘र’ उडून डोक्यावर बसला आणि ‘दुसर्या’ झालं. म्हणजे घरी वाचलेलं प्रूफ छापखान्यात पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

आमच्याकडून आलेली पीडीएफ ऑपरेटरनं उघडली, ती मात्र बघण्यासारखी गोष्ट होती. चारही रंग वेगवेगळे करून दाखवत तो म्हणाला, “बघा, तुमचं काळं चार रंगांत आलंय.” बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईत हवीत. ती चारही प्लेटांवर गेली आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की प्रत्येक अक्षराला लाली लागते. मग त्यानं कडेला पट्टी लावली. रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा तर बाहेर तीन मिलिमीटर जास्त सोडावा लागतो, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ येते. आमच्या मुखपृष्ठावरच्या गणपतीच्या मुकुटाची कोर त्या कटिंगमध्ये जाणार होती. व्हॉट्सॲपवरून आलेला अध्यक्षांचा फोटो पाहून तो बोललाच नाही, फक्त सुस्कारा सोडला.

मजकूर भरला दहा पानं. खजिनदारांचा फोन आला, “दहाच छापा.” ऑपरेटर म्हणाला, “पिन मारायची तर चारच्या पटीत. आठ करा, नाहीतर बारा.” उरलेल्या दोन पानांवर अध्यक्षांच्या कविता गेल्या. मराठी साहित्यात केवळ पिनेमुळे प्रवेश मिळालेले ते पहिले कवी नसावेत.

अंक शेवटी पेजमेकरमध्येच लागला. बैठकीच्या इतिवृत्तात ‘सखोल चर्चेअंती सॉफ्टवेअर सर्वानुमते निवडण्यात आले’ अशी नोंद आहे.

तुमच्याकडे असा उद्योग निघाला तर बैठकीआधी छापखान्यात फोन करा. पीडीएफ चालत असेल तर डोळे मिटून स्क्रायबस घ्या, पैसे असतील तर इनडिझाईन. चालत नसेल तर गुमान युनिकोड मजकूर ऑपरेटरच्या हवाली करा. आणि अंक छापून झाला की फॉन्टसकट खुली फाईल पेनड्राईव्हवर मागून घ्या. ऑपरेटर नोकरी सोडून गेला की ती फाईल त्या संगणकात कुठे आहे, हे छापखान्याच्या मालकालाही सांगता येत नाही.