कम्युनिटी कॉलेजातून व्यवस्थापक होण्याची शास्त्रोक्त पद्धती

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः सरकारी पैशावर चालणारे, 'असोसिएट' ही दोन वर्षांची पदवी देणारे आणि दारात आलेल्या कोणालाही सहसा परत न पाठवणारे महाविद्यालय होय. एकट्या कॅलिफोर्नियात अशी 116 महाविद्यालये असून, 1960 च्या तेथील शैक्षणिक आराखड्याने शाळेतील वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांची सोय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरच्या तृतीयांशाची राज्य विद्यापीठांत आणि बाकी सर्वांची या महाविद्यालयांत लावून दिली. बे एरियातील मराठी पालकांना या आराखड्याचे नाव सहसा ठाऊक नसते. मात्र त्यातली उतरंड त्यांना तोंडपाठ असते.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य हिशेब मांडणे हे आहे. अभ्यासक्रमाचे वजन 'युनिट' या मापाने मोजतात, राज्यातील रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला 46 डॉलर पडतात आणि असोसिएट पदवीला 60 युनिट लागतात. म्हणजे दोन वर्षांची शिकवणी फी 2,760 डॉलर होते. हा आकडा पालकांना दोनदा सांगावा, कारण पहिल्यांदा तो महिन्याचा वाटतो. खर्चात पुस्तके धरण्यास विसरू नये. तीन युनिटचा वर्ग 138 डॉलरला मिळतो आणि त्याचे पुस्तक कधीकधी वर्गाच्या तोडीचे निघते, म्हणून कुशल विद्यार्थी ग्रंथालयातील राखीव प्रत तासा-दोन तासांच्या बोलीवर वाचून मर्यादित साधनसामग्रीच्या वाटपाचा धडा पुस्तक उघडण्यापूर्वीच पुरा करतो.

विषयांची निवड करताना एक नियम कसोशीने पाळावा: ज्याला व्यवस्थापक व्हायचे आहे त्याने नावात 'व्यवस्थापन' असलेल्या वर्गापासून जपून राहावे. हे विधान विक्षिप्त वाटले तरी त्यामागे पक्के कारण आहे. पुढील दोन वर्षांसाठी विद्यापीठात जाण्याला 'ट्रान्सफर' म्हणतात आणि त्यासाठी व्यवसाय प्रशासन शाखेला प्रामुख्याने वित्तीय लेखांकन, व्यवस्थापकीय लेखांकन, सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि पुष्कळ ठिकाणी कलनशास्त्र लागते. व्यवस्थापनाची तत्त्वे हा विषय विद्यापीठे बहुधा तिसऱ्या वर्षासाठी स्वतःकडे राखून ठेवतात. त्यामुळे नेतृत्वगुणांवरचा आकर्षक वर्ग हौसेने घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, पण बॅलन्स शीट जुळवताना घाम गाळणाऱ्याला प्रवेश मिळतो. कोणता वर्ग कोठे चालतो हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर पाहावे, समुपदेशकालाही विचारावे, आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर घाबरून न जाता अपूर्ण माहितीच्या आधारे निर्णय घेणे या प्रकरणाचा तो स्वाध्याय समजावा.

आंरी फेयोल या फ्रेंच खाण-व्यवस्थापकाने 1916 साली मांडलेल्या 14 तत्त्वांपैकी 'आदेशाची एकवाक्यता', म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून हुकूम मिळावा हे तत्त्व, विद्यार्थ्याने परीक्षेपुरते मान्य करावे. प्रत्यक्षात प्राध्यापक, समुपदेशक, दुकानातील शिफ्ट ठरवणारा मॅनेजर आणि आई अशा चार वरिष्ठांच्या हाताखाली त्याला एकाच वेळी नांदायचे असते. गटकार्य हा तर अभ्यासक्रमाचा कळस होय. गटात गोदामातील रात्रपाळी उरकून आलेला एक गृहस्थ असतो, मांडीवर मूल घेऊन व्हिडिओ कॉलवर येणारी एक आई असते, शाळेत असतानाच कॉलेजचे युनिट कमावणारी सोळा वर्षांची एक मुलगी असते आणि कधीही न दिसणारा एक सभासद असतो, ज्याचे नाव वर्णानुक्रमामुळे पहिल्या स्लाइडवर सर्वांत वर येते. रात्री 11.59 च्या मुदतीला 11.40 वाजता ती मुलगी एकटीच स्लाइडचे रंग जुळवत बसलेली असते. काम करणारा कोण आणि नाव कोणाचे, हे ज्ञान महागड्या एमबीएतही मिळते, पण तेथे त्याला पुष्कळ जास्त डॉलर पडतात.

सर्वांत अवघड प्रकरण जनसंपर्काचे आहे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत "मग, कुठे घेतली ॲडमिशन?" असा प्रश्न येतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी घासाघीस केल्याचे अभिमानाने सांगणारी माणसे लेकराच्या शिक्षणातली बचत मात्र आजारपणासारखी लपवतात. अशा वेळी विद्यार्थ्याने "फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात" असे उत्तर खणखणीत आवाजात द्यावे आणि पुढची शांतता सहन करावी. समोरच्याचा चेहरा फारच उतरला तर 2010 सालच्या कायद्याचा हवाला द्यावा. त्यानुसार ठरावीक असोसिएट पदवी पुरी करणाऱ्याला राज्य विद्यापीठांच्या समूहात जागेची हमी आहे. मात्र ही हमी समूहाची आहे, मनाजोग्या शहराची नाही, हा बारीक अक्षरातला मजकूर स्वतः अवश्य वाचावा. प्रसादाच्या रांगेत तो सांगण्याचे बंधन नाही.

हे मार्गदर्शन वाचून पुण्या-नाशिकहून थेट विद्यार्थी व्हिसावर निघू पाहणाऱ्यांनी मात्र थोडे थांबावे. 46 डॉलरचा दर रहिवाशांसाठी आहे. परदेशी विद्यार्थ्याला त्याच युनिटला कित्येक पट मोजावे लागतात, बहुसंख्य कॉलेजांना वसतिगृह नसते आणि पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवाराबाहेर नोकरी करण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नसते. तेव्हा तिकीट काढण्याआधी हिशेब नव्याने मांडावा.