आम्ही तिथंच होतो

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार, 8 सप्टेंबर 2024

तीर्थरूप बाबा आणि आई,

परवा आईनं फोनवर विचारलं, "पोट्ट्यानं तान्हा पोळा केला का?" मी "हो, छान झाला" म्हणून विषय बदलला. छान वगैरे काही झाला नाही. पण शेजारचे मास्तर तेव्हा कुंपणापाशी उभे होते, आणि आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना मराठीतूनही कळतं. म्हणून हे पत्र.

मास्तर म्हणजे डावीकडच्या घरातले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, देवमाणूस. त्यांचा स्वतःचा देव मात्र एकच, मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ. मंगळवारी संध्याकाळी आपला पोट्टा नंदीबैल ओढत फुटपाथवर निघाला. तुम्ही वर्ध्याहून घेऊन दिलेला, चाकांचा, तोच. तुमच्या सुनेनं त्याला झूल शिवली, गळ्यात घुंगरं बांधली आणि हौसेनं शिंगं केशरी रंगवली. मास्तर हिरवळीवर पाणी मारत होते. त्यांनी बैल पाहिला, शिंगं पाहिली, शिंगांचा रंग पाहिला आणि हातातला पाइप खाली टाकला.

झालं होतं असं, की शनिवारी टेक्सासचा संघ इथं खेळायला येणार होता. त्या संघाचं चिन्ह लांब शिंगांचा बैल आणि रंग केशरी. मास्तरांना वाटलं, आमचं घर फितलं! मी त्यांना पोळा समजावून सांगितला. वर्षभर राबणाऱ्या बैलाची पूजा, दुसऱ्या दिवशी पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, घरोघरी मिळणारा बोजारा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पोट्ट्याच्या हातावर पाच डॉलर बोजारा ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "शनिवारपर्यंत हा बैल तळघरात ठेवता येईल का?"

ठेवला. काय करता! काल गणेश चतुर्थी. दुपारी बारा वाजता वर आपली आरती, खाली तळघरात नंदी आणि मैदानावर त्यांचा सामना, सगळं एकाच मुहूर्तावर. निकाल टेक्सास 31, मिशिगन 12. हाच मिशिगनचा संघ जानेवारीत देशाचा विजेता झाला होता, हे ध्यानात घ्या. संध्याकाळी मास्तर मोदक खायला आले. दोन खाल्ले आणि जाताना दारात एवढंच विचारलं, "बैल नक्की तळघरातच होता ना?"

बाबा, तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या पोरांच्या खेळासाठी एवढं काहून? इथं या खेळाला कॉलेजचा म्हणून कोणी हलकं धरत नाही. या गावातलं मैदान 1927 सालचं आहे, लोक त्याला 'बिग हाऊस' म्हणतात, आणि त्यात 1,07,601 माणसं बसतात. आपलं आख्खं पुलगाव आणि आख्खं नाचणगाव आणून बसवलं तरी मागे भरपूर जागा उरेल. सामन्याच्या शनिवारी वाणसामान आणायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत आणि मुंजीचा मुहूर्त तर मुळीच धरायचा नाही, एवढं इथं आल्यावर आम्ही पहिलं शिकलो.

खेळ थोडक्यात असा. चेंडू दोन्हीकडं टोकदार, तो काखेत धरून पळायचं किंवा पुढच्या गड्याकडं फेकायचा. चार संधींत दहा यार्ड सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. मग खांबांमधून लाथ मारली तर वर एक, आणि छाती असेल तर पुन्हा रेघ ओलांडून वर दोन. हे 'वर एक, वर दोन' लक्षात ठेवा, पुढं मास्तरांचं सगळं दुःख त्यातच आहे.

आता खरी गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही घरात पहाडी म्हणतो. ते नॉर्थ कॅरोलिनातल्या बून नावाच्या डोंगरातल्या गावचे, तिथल्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात शिकलेले. वर्षभर हा माणूस सभ्य. 1 सप्टेंबर उजाडला की अंगणात काळा-पिवळा झेंडा लागतो. त्या दिवशी मास्तर पेपर घ्यायलाही बाहेर येत नाहीत, त्यांच्या बाई येतात.

कारण 1 सप्टेंबर 2007. मिशिगन तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर होतं, आणि आजवर सर्वांत जास्त सामने जिंकलेला संघ म्हणून त्याची ख्याती. ॲपलाचियन स्टेट खालच्या गटातलं. खालच्या गटात ते सलग दोनदा विजेते होते, पण इथं ते कोणी मोजत नाही. अशा लहान संघांना हंगामाच्या सुरुवातीला मोठे लोक पैसे देऊन बोलावतात, धुतात आणि परत पाठवतात. लहानांची तिजोरी भरते, मोठ्यांचा हात साफ होतो. बूनवाल्यांना या मार खाण्याचे 4 लाख डॉलर ठरले होते, तेव्हाच्या भावानं दीड कोटी रुपयांहून जास्त. पैसे घेतले आणि मार खायचं विसरले!

यंदा सोमवारी, म्हणजे आपल्या पोळ्याच्याच दिवशी, इथं कामगार दिनाची सुट्टी होती. मास्तरांच्या परसात शेगडी पेटली होती, गल्ली जमली होती, आणि आम्ही कोहळ्याची बोंडं घेऊन गेलो होतो. (कोहळं मिळत नाही, इथल्या एका लांबट भोपळ्यावर भागवलं. गूळ मात्र खरा.) बोंडाच्या दुसऱ्या घाण्याला पहाडी म्हणाला, "मध्यंतराला 28-17." बस्स, एवढं पुरलं. मास्तरांनी चिमटा ठेवला आणि सुरू झाले. तो सामना हे दोघं मिळून सांगतात, एकानं आपली बाजू सांगायची आणि दुसऱ्यानं ती खोडायची. भांडण ऐकावं तर इतकं तालासुरात की आपले गोंधळी मागे पडावेत.

पहाडी सांगतो, मिशिगननं पहिले गुण घेतले तेव्हा सगळे निवांत होते. मग लगेच बूनवाल्यांचा डेक्स्टर जॅक्सन नावाचा गडी 68 यार्ड सुटला आणि स्टेडियमला खोकला आला. त्यांचा आर्मांटी एडवर्ड्स, चेंडू फेकणारा मुख्य गडी, सडपातळ पोरगा, पण हातीच लागेना. मास्तर म्हणतात, आमचा माइक हार्ट दुखऱ्या पायानं खेळला, ते सांग ना. साडेचार मिनिटं उरलेली असताना तो 54 यार्ड पळाला आणि मिशिगन 32-31 नं पुढं गेलं.

आणि इथं मास्तर थांबतात. कारण त्या दिवशी मिशिगननं दोनदा 'वर एक' सोडून 'वर दोन'चा हट्ट धरला आणि दोन्ही वेळा हात हलवत परतलं. मुकाट्यानं एक-एक घेतला असता तर 34 झाले असते. सतरा वर्षं हा गणिताचा मास्तर 32 अधिक 2 करतो आहे. पहाडी म्हणतो, तुम्ही तसं खेळला असता तर आम्हीही वेगळं खेळलो असतो. तर्क बरोबर आहे, पण दुःखाला तर्क लागू करणं ही क्रूरता झाली.

शेवट असा. 26 सेकंद उरले असताना बूनच्या ज्युलियन राउचनं 24 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला, त्याचे तीन गुण, 34-32. तेवढ्या वेळात मिशिगननं एक लांब फेक साधली आणि जिंकून देणारी लाथ मारायची संधी मिळवली. लाथ बसली, आणि कोरी लिंच नावाच्या पोरानं हवेत झेपावून ती अडवली. नुसती अडवली नाही, चेंडू उचलून पळतच सुटला. हे सांगताना पहाडीही पळतो. यंदा शेगडीला धडकता धडकता वाचला.

देशातल्या पहिल्या पाचांतल्या संघाला खालच्या गटातल्या संघानं हरवल्याची ती पहिलीच वेळ. पत्रकारांच्या ज्या मतदानातून क्रमवारी ठरते, त्यात खालच्या गटाच्या संघांना मतंच देता येत नव्हती, तो नियमही मग बदलावा लागला. तिकडं बूनमध्ये पोरांनी काय केलं असेल? सामना झाला शेकडो किलोमीटर दूर मिशिगनमध्ये, म्हणून त्यांनी आपल्याच रिकाम्या मैदानातला गोलचा खांब उपटला, गावभर मिरवला आणि कुलगुरूंच्या अंगणात नेऊन टाकला. बाबा, आपल्याकडं असं झालं असतं तर आधी चौकशी समिती बसली असती आणि मग सत्कार.

पुढच्याच आठवड्यात ओरेगॉननं मिशिगनला 39-7 असं धुतलं, ते कोणाच्या तोंडी नाही. 2014 साली मिशिगननं बूनवाल्यांना पुन्हा बोलावून 52-14 नं हरवलं. तो विषय मास्तर स्वतःसुद्धा काढत नाहीत, कारण त्या विजयाला चवच नाही. बूनवाले मात्र तसेच आहेत. 2022 मध्ये टेक्सास ए अँड एम या सहाव्या क्रमांकाच्या संघाकडून 15 लाख डॉलर घेतले आणि त्यालाच 17-14 नं हरवून आले. मेहनताना घेऊन यजमानाला पाडायचा हा धंदा त्यांनी बरा जमवला आहे. पण रोज कुठं जमतो? काल रात्री क्लेमसननं त्यांना 66-20 असं तुडवलं. आज सकाळी मास्तर आणि पहाडी रस्त्याच्या मधोमध भेटले आणि पहिल्यांदाच नुसतं हवामानाबद्दल बोलले.

बाबा, मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. 2007 च्या त्या सामन्याला मैदानात 1,09,218 प्रेक्षक होते, अशी नोंद आहे. टीव्हीवर सामना दाखवला तो अवघ्या दोन दिवसांपूर्वी सुरू झालेल्या वाहिनीनं, आणि ती वाहिनी अनेक केबलवाल्यांकडं लागतच नव्हती. तरी मी इथं ज्याला ज्याला विचारतो तो म्हणतो, मी तिथंच होतो. माझे दातांचे डॉक्टर होते. टपाल आणणारा होता. आपल्या मंडळातले एक काका होते, आणि त्यांच्या बायकोच्या सांगण्यानुसार ते लोक 2009 साली अमेरिकेत आले. मैदान भरतं ते एक दिवस, पण अशा सामन्याची गर्दी नंतर वर्षानुवर्षं वाढतच राहते. आर्वीची शकुंतला आगगाडी बंद पडून किती काळ झाला, तरी तिच्या दाराला लटकून पुलगावला कॉलेजला गेलेल्यांची संख्या कुठं कमी होते आहे?

हरलेलेही 'मी तिथं होतो' सांगतात, हे मात्र मला इथंच कळलं. पहाडीला त्या दिवसाचा अभिमान आहे हे ठीक. मास्तरांना तो दिवस मिनिटामिनिटानं पाठ आहे, आणि माझा तर्क असा की, पहाडीनं कधी झेंडा लावला नाही तर तेच जाऊन त्याचं दार वाजवतील.

तर बोंडं संपली, गप्पा रंगल्या, आणि पहाडीनं मला विचारलं, "तुमच्याकडं असं कधी झालं का?" मग मी मागे हटतो काय? मी विदर्भ काढला. 1957-58 पासून रणजी खेळणारा संघ, साठ वर्षांत एकदाही अंतिम सामन्यात नाही, आणि 2017-18 मध्ये थेट चषक. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या 5 धावांनी विजय. इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्ध इंजिनिअर झालेल्या रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, रणजीच्या अंतिम सामन्यातली केवळ दुसरी. शेवटी 145 वर खेळणाऱ्या ध्रुव शोरीचा त्रिफळा. अक्षय वाडकरच्या 133 धावा, फैज फझलचं कप्तानपद, चंद्रकांत पंडितांची शिस्त, आणि 1 जानेवारी 2018 ला वसीम जाफरच्या चौकारांनी झालेला शेवट. नऊ गडी राखून! यंदा मार्चमध्ये मुंबईनं अंतिम सामन्यात आपल्याला 169 धावांनी हरवलं, ते मी सांगितलं नाही. यजमानाच्या परसात सगळंच सांगायचं नसतं.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पहाडीनं लिंबू सरबताचा पेला उंच धरला आणि विचारलं, "तू तिथं होतास?" मी म्हणालो, "मी नाही, माझे वडील होते." सगळी गल्ली माझ्याकडं आदरानं पाहायला लागली. बाबा, पुलगाव स्टेशनाबाहेरच्या टपरीवर तुम्ही ते हॅटट्रिकचे तीन चेंडू हातानं करून दाखवता, तसे मी करून दाखवले. तिसऱ्याला बोंडांचं ताट पडलं.

अडचण पुढं आहे. पहाडीनं आपलं 2007 चं तिकीट चौकट करून भिंतीला लावलं आहे. त्याला आता तुमचं इंदूरचं तिकीट पाहायचं आहे. आणि काल आरतीनंतर मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, ते बोंडअळीचं वर्ष होतं, पंचनाम्याची वाट पाहत हे महिनाभर वावर सोडून कुठं हलले नाहीत, इंदूर कुठलं काढलं? मी काही म्हणत नाही. दोघंही माझे आईवडील आहात.

तर बाबा, लोखंडी कपाटातली पेटी एकदा नीट उपसून पाहा. तिकीट सापडलं तर फोटो पाठवा. नाही सापडलं तर त्या दिवशी इंदूरला तुमच्या शेजारी बसलेला एक तरी माणूस नाचणगावात शोधून ठेवा. पहाडी दिवाळीला आपल्याकडं जेवायला येणार आहे आणि व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी बोलणार आहे. आईला त्या वेळी देवदर्शनाला पाठवा.

तुमचा,
धाकटा