ताम्हिणीतील कृत्रिम पाऊस

ज्या मुळशी तालुक्यात आषाढ लागला की ताम्हिणी घाटात पर्जन्य अहोरात्र कोसळतो, त्याच तालुक्यातील पौड मुक्कामी बसून, भाच्याच्या ‘प्री-वेडिंग’ नामक चित्रफितीत संगणकाने पाऊस पाडण्याची विद्या मी पंधरा दिवस अभ्यासली, हे कबूल करताना संकोच वाटतो. असा पाऊस कणसमूहांनी पाडतात; ही युक्ती संगणकतज्ज्ञ विल्यम रीव्ह्ज यांनी १९८२च्या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातील अग्निकल्लोळासाठी योजिली. प्रत्येक कणास जन्म, वेग, आयुष्य व मृत्यू नेमून द्यावयाचा, म्हणजे ब्रह्मदेवाची कारकुनीच. माझा पाऊस प्रथम खालून वर गेला. (गुरुत्वाकर्षणाचे चिन्ह चुकले होते.) अखेर साधला, तेव्हा भाच्याच्या यंत्रावर फाइल आवाज करी, पण चित्र दाखवीना. शोधांती कळले की ‘एमपी४’ हा केवळ लखोटा; आतील मजकूर २०१३ सालच्या एच.२६५ लिपीतला, आणि त्याचे यंत्र २००३च्या एच.२६४पलीकडे निरक्षर, जुन्या दप्तरातील मोडी कागद बालबोधवाल्या कारकुनापुढे टाकावा, तशी अवस्था. लखोट्यावरचे नाव बदलून पाहण्याचा शहाणपणाही करून झाला. शेवटी लिप्यंतरास बसविले, तर संगणकाने चार तासांची मुदत मागितली; आणि तिसऱ्या तासाला बाहेरच्या अस्सल पावसाने वीज नेली.