खो मिळायच्या आधी

मेलबर्न,
रविवार रात्र

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी "पंच झाले" म्हणाले, तेव्हा आईने मागून "क्रिकेटची ना?" असं विचारलं आणि मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. ती थाप होती. आईला एकदम सगळं सांगितलं असतं तर तिने गुडघ्यांपासून सुरुवात केली असती. तुम्हाला सांगते, कारण सांगली जिल्ह्यात खो-खोची पंचगिरी तुम्ही तीस वर्षं केलीत. माझी अडचण तुमच्याशिवाय कोणाला कळायची नाही.

इथे फुटबॉल म्हटलं की लोकांना 'फूटी' दिसते. तिचं मैदानही लंबगोल आणि चेंडूही लंबगोल, आणि अठरा-अठरा गडी. आपला फुटबॉल तो सॉकर. तुमचा नातू खेळतो तो तिसराच, अमेरिकन. त्याला इथे 'ग्रिडआयर्न' म्हणतात. डोक्याला हेल्मेट, खांद्यावर उशा, आणि फुटबॉल असून बहुतेक काम हाताने. खेळणारे थोडे आणि पंच त्याहून थोडे. मग सरावाच्या वेळी गाडीत बसून डबा खाणाऱ्या पालकांना धरतात. तुमच्या जावयांना नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन आला. तो खरंच आला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, काळी टोपी, शिट्टी आणि कमरेला खोचलेला पिवळा रुमाल. रुमालाच्या पोटात वजन असतं, म्हणजे वाऱ्यावर न जाता टाकला तिथेच पडतो. नातू म्हणाला, "आई, झेब्रा." जावई काही म्हणाले नाहीत, फोटो काढून तुमच्या 'फॅमिली ग्रुप'वर टाकणार होते, तो मी वेळीच पुसला.

मला दिलंय लाइन जजचं काम. चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही संघ नाकाला नाक लावून बसतात. मधला गडी चेंडू दोन पायांमधून मागच्याला देतो, तो 'स्नॅप'. त्याच्या आधी कोण हललं, हे मी कडेला उभं राहून बघायचं. म्हणजे बाबा, खो मिळायच्या आधी कोण उठला! तुमचाच धंदा.

रांगेतल्या आतल्या गड्याने एकदा हात जमिनीला टेकवला की तो पुतळा. आम्ही लहानपणी 'स्टॅच्यू' खेळायचो तसा. खांदा थरथरला, मान उडाली, तर 'फॉल्स स्टार्ट', 5 यार्ड मागे. मागच्या फळीतल्या एकालाच स्नॅपच्या वेळी चालायची मुभा, तीही आडवं किंवा मागे, पुढे नाही. सत्यनारायणाची आरती चालू असताना एकटी काकू प्रसाद बघायला आत जाऊ शकते, तसं. दोघे-तिघे जागा बदलत असतील तर स्नॅपपूर्वी अकराच्या अकरा जणांनी पूर्ण एक सेकंद थांबलं पाहिजे. हा सेकंद मोजायला इथले लोक काहीतरी आकडा म्हणतात. मी मनात 'ज्ञानबातुकाराम' म्हणते. ते संपायच्या आत चेंडू उडाला तर रुमाल. अजून तरी चुकलेलं नाही.

बसलेल्यांचे चेहरे बघायचे नाहीत, चेहरे खोटं बोलतात. टाचा बघायच्या, हे तुम्ही शिकवलेलं. इथे टाचांऐवजी टेकलेला हात बघते. बोटांची पेरं पांढरी पडली की समजायचं, गडी पुढे झुकलाय, आता सुटणार. आमच्या प्रशिक्षकांना हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. 'खो-खो' हा शब्दही लिहून घेतला. मग मी त्यांना जानेवारी 2025 चा दिल्लीचा विश्वचषकही सांगितला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोघांचे संघ जिंकले ते. थोडं जास्तच सांगितलं असेन.

आता फजिती. तुमच्याकडे फाऊल दिसला की शिट्टी, विषय संपला. इथे तसं नाही. फॉल्स स्टार्ट दिसला तर ताबडतोब शिट्टी, खेळ बंद. पण तो चालणारा एकटा स्नॅपच्या वेळी पुढे सरकला तर फक्त रुमाल टाकायचा आणि शिट्टी गिळून बसायचं. खेळ चालू राहतो. शेवटी समोरच्या संघाने ठरवायचं, दंड घेऊ की झालं ते ठेवू. पहिल्याच सामन्यात एक जण पुढे सरकला. मी रुमाल टाकला, इथवर ठीक. पण तुमची मुलगी ना मी! हाताने रुमाल टाकला आणि तोंडाने शिट्टी वाजवली. चेंडू हवेत. तो समोरच्या संघाच्या पोराने मधेच झेपावून धरला आणि सुसाट टोकापर्यंत पळाला. मागे कोणीच नव्हतं, कारण बाकीचे एकवीस जण माझ्याकडे बघत होते. तो तिकडे एकटाच नाचत होता. रेफ्री आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुढच्या वेळी शिट्टी दातांत धरू नकोस, हातात धर. चेंडू पुन्हा मूळ जागी, वर 5 यार्डांचा दंड. त्या पोराच्या आईला नंतर कँटीनच्या रांगेत मीच पुढे जाऊ दिलं.

नातवाचं सांगायचं राहिलं. त्याच्या खोलीत जॉर्डन मैलाटाचा फोटो आहे. सिडनीचा रग्बी लीगवाला, साडेसहा फुटांच्या वर. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या माणसाला 2018 मध्ये फिलाडेल्फियाने उचललं आणि 2025 च्या फेब्रुवारीत तो सुपर बोल जिंकला. त्याची जागा रांगेतलीच, न हलण्याची. आपला पण तिथेच बसतो. गेल्या शनिवारी दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्याच्याच सामन्याला मी होते. तो हलला. मी शिट्टी दिली, रुमाल दिला, छातीपुढे दोन्ही हात एकमेकांभोवती गरागरा फिरवून खूणही केली. आपल्याच शाळेच्या संघाला तुम्ही फाऊल दिला होतात आणि हेडमास्तर आठवडाभर बोलले नव्हते, ते आठवून मला आतून फार बरं वाटत होतं.

घरी आल्यावर पोरगा जेवेना. शेवटी मोबाइलवरचं चित्रण समोर ठेवलं. समोरचा आडदांड आधी रेषा ओलांडून त्याच्या अंगावर आला होता, आणि हा दचकला होता. अशा वेळी दोष घाबरवणाऱ्याचा, घाबरलेल्याचा नाही. नियम मला पाठ होता. मी फक्त आमच्याच पोराचा हात बघत बसले होते, पलीकडे बघितलंच नाही. मी सॉरी म्हणाले. त्याने वरणभात वाढून घेतला आणि विचारलं, "आजोबांनी असं कधी केलंय?"

म्हणून हे पत्र, बाबा. 2026 च्या सप्टेंबरात विराटच्या त्या नाबाद 82 च्या मैदानावर, एमसीजीवर, अमेरिकेतले दोन संघ येणार आहेत. तोवर मला दोन्ही रांगा एका नजरेत बघायला शिकायचंय. एकाआड एक उलट दिशांना तोंडं करून बसलेले आठही गडी तुम्ही एकदम कसे बघायचात? आणि शाळेच्या संघाचा तो फाऊल खरंच फाऊल होता का? आईला न विचारता लिहा.

तुमची,
बेबी

ता. क. थाप मारल्याचं आईला तुम्हीच सांगा. गुडघे ठीक आहेत म्हणावं.