किल्ल्यातली पोटभाडेकरू खाती

सरकारी खात्यांनी भाड्याच्या जागा वाटून घ्याव्यात, खर्च वाचेल, असं अधूनमधून एखाद्या साहेबाला सुचतं. त्याला आधी सुरतेला धाडा. तिथे हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करून झालाय.

तापीकाठचा किल्ला सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधला. 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान या किल्ल्यात शिरला आणि दार लावून बसला. बाहेर शहर लुटलं जातंय आणि साहेब आत. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ही प्रथा तिथूनच पडली असावी.

पुढे 1759 मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला, शहर नवाबाकडे राहिलं. एका बुरुजावर इंग्रजांचं निशाण, दुसऱ्यावर दिल्लीच्या बादशहाचं. आपली मंडळीही मागे नव्हती. पेशवे आणि गायकवाड दोघेही सुरतेच्या वसुलीत चौथाईचे वाटेकरी. खोलीत पाऊल न टाकता भाडं वसूल करणारे तेवढे आपणच!

1862 साली शिबंदी हलली आणि किल्ल्यात महसूल आणि पोलीस खात्यांच्या कचेऱ्या आल्या. शत्रूला जे जमलं नव्हतं ते बारनिशीने करून दाखवलं. किल्ला पडला.

एका छपराखाली दोन खाती आली की काम झटपट होतं, हा बाहेरच्यांचा भ्रम. शेजारच्या टेबलावर कागद हातोहात द्यायचा नसतो. इकडे जावक क्रमांक, तिकडे आवक क्रमांक, मधे टपालवही, आणि सही करणारा जेवायला गेलेला. विजेचं बिल पंख्यांवर वाटायचं की माणसांवर, याची स्वतंत्र फाईल. आणि मुतारीची किल्ली! लाकडी पट्टीला सुतळीने बांधलेली ती किल्ली कुठल्या खात्याच्या खिळ्यावर टांगायची, हे मंत्रालयाला विचारावं लागतं.

सुरत महापालिकेने या भानगडी टाळल्या. हज यात्रेकरूंसाठी शहाजहानच्या काळात, 1644 मध्ये, बांधलेल्या मुगलीसराईत तिने एकटीने बिऱ्हाड मांडलं. किल्लाही तिनेच दुरुस्त करून घेतला, आता तिथे संग्रहालय आहे. त्यात कचेऱ्यांच्या काळाचंही एक दालन हवं. फार काही लागणार नाही: एक डुगडुगतं टेबल, लाल फितीचे गठ्ठे, पट्टीची किल्ली आणि एक लोखंडी कपाट. फक्त कपाट महसूलचं की पोलिसांचं, याचा निर्णय लागेपर्यंत उद्‌घाटनाची तारीख छापू नये.